वहिनींच्या गाडीचा हीटर

मैत्रिणींनो, बंबातल्या आणि गिझरमधल्या क्षारांबद्दल मागे लिहिलं होतं, तेव्हा पुष्कळजणींची पत्रं आली. लिंबाच्या फुलाचा उपाय करून पाहिलात, बंब हलका झाला, जळण कमी लागतं, असं कळवलंत. आज त्याच क्षारांची गोष्ट सांगणार आहे, पण न्हाणीघरातली नाही. मोटारीतली! लगेच नाक मुरडून पान उलटू नका. मलाही वर्षापूर्वी कुणी सांगितलं असतं की तू कमरेत वाकून मोटारीच्या पोटात हात घालशील, तर मी हसले असते.

२०२३ च्या नोव्हेंबरात मी इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला, थोरल्या वहिनींकडे चार महिने राहून आले. दादा जाऊन दोन वर्षं झाली होती. वहिनी एकट्याच असतात. मुलगा त्याच गावात, पण दुसऱ्या टोकाला. दादा १९७२ साली नोकरीसाठी तिकडे गेला तो तिथलाच झाला. त्याच्या मागे घर राहिलं, पुस्तकं राहिली आणि गॅरेजात एक मॉरिस मायनर राहिली. १९६१ ची, फिकट हिरवी, गोलमटोल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आपली अ‍ॅम्बॅसडर आठवा. ती मुळात मॉरिस ऑक्सफर्ड. मायनर ही तिची धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही. १९४८ पासून १९७१ पर्यंत ही गाडी निघत होती; सोळा लाखांच्या आसपास निघाल्या. दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. ज्यांनी ती आखली, त्या अलेक इसिगोनिस यांनीच पुढे ती चिमुकली मिनीही आखली. म्हाताऱ्यांना अजून तिचा लळा आहे, सुटे भाग मिळतात, आणि चाळीस वर्षांवरच्या, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना तिथे २०१८ पासून दरवर्षीच्या तपासणीची सक्तीही नाही. पण सक्ती नाही म्हणजे गाडी कशीही चालवावी असं नाही. रस्त्यावर आणायची तर ती धड असलीच पाहिजे, आणि पुढची काच आरपार दिसणारी हवी, हा कायदा सगळ्यांना सारखा.

आणि घोडं तिथेच अडलं होतं.

वहिनी आठवड्यातून तीन दिवस सकाळी सातला त्यांच्या एका मैत्रिणीला डायलिसिससाठी इस्पितळात पोचवत असत. त्या बाई एकट्या, गुजराथी, सत्तरीच्या. दादा असताना तोच पोचवायचा. तो गेल्यावर वहिनींनी काम अंगावर घेतलं. डिसेंबरात तिकडे सूर्य उगवायला सव्वाआठ होतात. सातला मिट्ट काळोख, बाहेर दव गोठलेलं आणि आत दोन बायकांच्या श्वासांची वाफ काचेवर. वहिनी एका हातानं काच पुसत आणि एका हातानं चाक धरीत. मी जायच्या आधल्याच आठवड्यात पेपर टाकणारा एक पोरगा सायकलवरून समोर आला आणि तो त्यांना दिसलाच नाही. ब्रेक लागला तेव्हा पोरगा चाकापासून हातभर अंतरावर होता. त्यांनी गाडी तिथेच कडेला लावली आणि मुलाला फोन केला. त्यानं येऊन गाडी घरी आणली आणि किल्ली खिशात टाकली.

"आत्या, तूच सांग आईला," मी पोचल्या दिवशीच तो म्हणाला. "हीटर चालत नाही, गॅरेजवाला चारशे पौंड मागतो, वर खात्री देत नाही. विकून टाकू. घेणारे आहेत."

खरं सांगू, मला त्याचं पटलं होतं. पोराच्या जिवाशी खेळ नको. वहिनी काही बोलल्या नाहीत. रात्री ताटं विसळताना म्हणाल्या, "वन्सं, ह्यांनी कधी गॅरेजात नेली नाही हो. सगळं स्वतः करायचे. मी टॉर्च धरायची."

टॉर्च धरणाऱ्या बाईला किती ठाऊक असतं हे आपल्याला कुणी विचारत नाही! दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, चला, आज मी टॉर्च धरते. मुलानं किल्ली दिली ती अंगणाबाहेर गाडी काढायची नाही या बोलीवर.

आता हा हीटर म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. इंजिन तापतं, त्याला गार ठेवायला पाणी फिरतं. हे गरम पाणी रेडिएटरकडे जातं, त्यातलंच थोडं दुसऱ्या वाटेनं गाडीच्या आत, डॅशबोर्डखालच्या एका पेटीत येतं. पेटीत पितळ-तांब्याची बारीक जाळी असते, हुबेहूब छोटा रेडिएटर. जाळीतून गरम पाणी फिरतं, मागे विजेचा पंखा, आणि पंख्याची हवा गरम होऊन पायांवर आणि दोन नळ्यांवाटे पुढच्या काचेवर येते. वेगळी ऊर्जा लागते ती पंख्यापुरती. इंजिनाची जी उष्णता एरवी वाया जाणार तीच वापरायची. चुलीच्या वैलावर पाणी तापत ठेवतो, तसंच.

त्यामुळे दोष शोधायला फार अक्कल लागत नाही, हात लागतो. पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवायचं, मग बंद करून हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्यांना फडक्यातून हात लावून पाहायचा. दोन्ही चांगल्या गरम असतील तर पाणी ठीक, दोष पंख्यात किंवा हवेच्या वाटेत. एक गरम आणि दुसरी गार असेल तर जाळी तुंबलेली, नाहीतर आत हवा अडकलेली. दोन्ही गार असतील तर पाणी आत शिरतच नाही. वहिनींच्या गाडीच्या दोन्ही गार होत्या.

(चालत्या इंजिनात हात घालू नका. पदर, वेणी, बांगड्या, सगळं आवरून. पंख्याच्या पट्ट्याला माणूस ओळखू येत नाही. आणि गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाही. कुकरची शिटी न काढता झाकण उघडण्याचाच तो प्रकार.)

या गाडीत हीटरचं पाणी सोडायचा कॉक इंजिनाच्या डोक्यावर असतो, आतून फिरवायची सोय नाही. थंडी लागली की बॉनेट उघडून तो सोडायचा, उन्हाळा आला की बंद करायचा. वहिनींना हे माहीत होतं. "दिवाळी झाली की हे कॉक सोडायचे," त्या म्हणाल्या. दोन वर्षांत तो कुणी हलवलेलाच नव्हता. इंजिन पुरतं गार झाल्यावर रेडिएटरच्या खालच्या तोटीखाली घमेलं ठेवून पाणी काढलं. पाणी कसलं, गेरूचा काला! मग कॉक सोडवला. त्याचं तोंड गंजाच्या चिखलानं असं बसलं होतं की मला जुन्या वाड्यातल्या बंबाची तोटी आठवली. स्वेटर विणायच्या सुईनं टोकरून काढला. सुई वहिनींची, अकरा नंबरची.

पुन्हा पाणी भरलं, इंजिन चालवलं. एक नळी गरम, दुसरी गारच. म्हणजे जाळीही तुंबलेली.

इथे माझी चूक सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. जाळीच्या तोंडावरची रबरी नळी वर्षानुवर्षं बसून चिकटलेली असते. क्लिप सैल केली आणि मी ती धरून ओढायला लागले. वहिनी एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारचा कुत्रा भुंकला. ते पितळी तोंड पातळ असतं, नुसतं डाखानं जोडलेलं. ओढाताणीत मुळापासून निघून आलं की जाळी गेली. नळी स्वस्त, जाळी महाग. म्हणून ब्लेडनं नळी उभी चिरायची आणि केळ्याच्या सालीसारखी सोलून काढायची. नळ्या नव्याच घालायच्या होत्या, मग जीव कशाला टाकायचा त्यांच्यात.

पेटी सोडवून स्वयंपाकघरात आणली. आणि इथून पुढचं काम माझ्या हक्काचं! आधी साध्या पाण्यानं धुवायची, पण उलट्या दिशेनं. ज्या तोंडानं पाणी बाहेर येतं त्यातून आत सोडायचं, म्हणजे गाळ आला त्या वाटेनं परत जातो. चहाची गाळणी आपण पालथी धरून धुतो ना, तसं. बागेच्या नळीचा जोर बेतानं. फार जोर केला तर जुना डाख उकलतो. आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग चिखल, मग पापुद्रे. मग लिटरभर गरम पाण्यात तीन चमचे लिंबाचं फूल विरघळवून जाळीत भरलं, दोन्ही तोंडं बुचानं बंद करून अर्धा तास ठेवलं. बुच जरा सैल ठेवा, आत वायू धरतो. फेस येतो, घाबरायचं नाही. हिरवट पाणी निघतं. असं दोनदा केलं. रात्रभर मात्र ठेवू नका; आंबट पदार्थ क्षार संपले की धातूला लागतो. शेवटी चमचाभर खायच्या सोड्याचं पाणी फिरवून आंबटपणा मारला आणि पुन्हा साध्या पाण्यानं धुतलं. हे सगळं काम हातमोजे घालून करायचं, आणि वापरलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नाही.

आता गळती. एक तोंड बंद करून जाळी बादलीत बुडवली, दुसऱ्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंकलं. सायकलच्या दुकानात पंक्चर शोधतात तसे बुडबुडे येतात का ते पाहायचं. आले नाहीत. आले असते तर रेडिएटरवाल्याकडून डाख घालून घ्यावा लागला असता. ते घरी करू नये असं माझं मत आहे. तुमच्या कुणाच्या गाडीत हीटर लावल्यावर गोडसर वास येत असेल आणि काचेच्या आतून तेलकट चिकट पापुद्रा धरत असेल तर समजा की जाळी गळते आहे.

पंखा रडत होता. त्याचं काम तुम्हालाही येईल, कारण तो आपल्या मिक्सरचाच भाऊ. आत दोन कार्बन असतात, झिजतात, त्यांची पूड तांब्याच्या गोल पट्टीवर बसते. आधी बॅटरीची तार काढली. कार्बनची पूड कोरड्या ब्रशानं झाडली, तांब्याची पट्टी बारीक पॉलिशपेपरनं हलक्या हातानं साफ केली, दांड्याच्या दोन्ही टोकांना शिलाई मशिनच्या तेलाचा एक-एक थेंब. एकच, जास्त झालं तर कार्बनवर उतरतं. आणि एक लक्षात ठेवा, या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. नवीन कुठलाही विजेचा भाग घेताना दुकानदाराला हे सांगायलाच हवं.

एवढं करून, नव्या नळ्या घालून, गाडी सुरू केली. पायाशी कोमट हवा आली. कोमटच. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आठ दिवस मान मोडून काम करायचं आणि कोमट!

रात्री झोप लागेना. पडल्या पडल्या वहिनी म्हणाल्या, "वन्सं, हे आजारी होते त्या उन्हाळ्यात गाडी तापत होती. तेव्हा पहिल्यांदाच एका मेकॅनिकला बोलावलं. त्यानं काहीतरी काढून टाकलं आणि म्हणाला, आता नाही तापणार."

काय काढलं असेल? सकाळी इंजिनाच्या पुढच्या टोकाला, वरची नळी जिथे येते तिथलं झाकण तीन नट सोडवून काढलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच! हा एक छोटासा आपोआप उघडणारा दरवाजा असतो. पाणी सुमारे ८२ अंशांवर जाईपर्यंत तो बंद राहतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. मग उघडून पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो काढला की पाणी सदानकदा रेडिएटरमधून फिरत राहतं आणि थंडीत इंजिन कधी नीट तापतच नाही. पेट्रोल जास्त जातं, इंजिन झिजतं, हीटर मेला तर नवल काय. गाडी तापत होती ती गाळानं. गाळ काढायचा सोडून त्या भल्या गृहस्थानं दरवाजाच काढून टाकला. ताप आलेल्या पोराचा थर्मामीटर फेकून द्यावा, तसं! आणि या गाडीत पाण्याच्या उष्णतेचा काटाच नसतो, त्यामुळे दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

नवा थर्मोस्टॅट आणला, थंडीसाठीचा, ८८ अंशांचा. घालण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडून पाहिला. उकळीच्या अलीकडे टपकन् उघडला. नवा असला तरी तपासावा, मोड आलेली मटकीसुद्धा आपण निवडून घेतो. कागदी गॅस्केट नवं लावलं.

पाण्याऐवजी अ‍ॅन्टीफ्रीझ भरायचं. निम्मं ते, निम्मं डिस्टिल्ड पाणी. मग उणे तीस अंशांतही गोठत नाही. जुन्या गाड्यांना पूर्वीच्या धर्तीचं, बहुधा निळं मिळतं ते घ्यावं. आधुनिक गाड्यांचं लांब मुदतीचं जुन्या डाखाला आणि गॅस्केटांना मानवत नाही. आणि आता कान देऊन ऐका. हे विष आहे, आणि गोड आहे. मांजर चाटतं, लहान मूल बोट घालून चाटतं. थोड्यानंही मूत्रपिंडं निकामी होतात. घमेलं क्षणभरही उघडं सोडू नका, जमिनीवर सांडलेलं लगेच धुवून काढा, सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नका. जुनं काढलेलं गटारात ओतायचं नाही, नगरपालिकेच्या केंद्रावर नेऊन द्यायचं.

भरताना आत हवा अडकते. आमच्याही अडकली, हीटर पुन्हा गार. गाडीचं तोंड चढावर करून, कॉक पूर्ण सोडून, हीटरची परतीची नळी जराशी सैल केली. फुसफुस करत हवा गेली आणि पाणी आलं तशी आवळली. मग आलेली हवा! मी हात काढून घेतला.

तरी काच मात्र धुरकटच. पाय भाजताहेत आणि काच तशीच. वहिनींनीच डॅशबोर्डखाली टॉर्च मारला. काचेकडे जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी एक कुजून गळून पडली होती, दुसरी निसटलेली. सगळी गरम हवा खाली सांडत होती. चारशे पौंड मागणाऱ्यानं तिथे डोकावलंसुद्धा नसावं. नव्या नळ्या म्हणजे चहापाण्याचा खर्च. आमचा सगळा मिळून सत्तर पौंडांच्या आत आटोपला.

अजून एक बारीक गोष्ट. हा जुन्या पद्धतीचा हीटर बाहेरची हवा घेत नाही, आतलीच फिरवतो. म्हणजे आपल्या श्वासाची ओल आतच. म्हणून पुढच्या दारातली ती तिकोनी खिडकी बोटभर उघडी ठेवायची. ओले बूट, ओल्या छत्र्या मागे डिकीत. पायाखालचा गालिचा दमट असेल तर काढून वाळवायचा. आमचा काढल्यावर खालून वाटीभर पाणी निघालं. आणि पत्र्याला पेडलपाशी, तारांपाशी भोकं असतात, त्यांची रबरी बुचं जागेवर आहेत ना ते पाहा. नसतील तर इंजिनाकडचा धूर आत येतो. हीटर लावल्यावर डोकं दुखणं, मळमळणं, पेंग येणं हे थंडीचं लक्षण समजू नका. खिडक्या उघडा आणि गाडी थांबवा. नाशिकच्या एका वाचक मैत्रिणीनं जुन्या फोक्सवॅगन बीटलबद्दल विचारलं होतं, तिला हेच सांगते. त्या गाडीत पाणी नाहीच, सायलेन्सरच्या नळ्यांभोवतीची हवा गरम होऊन आत येते. तिथे गंज लागला तर विषारी वायू सरळ आत. ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं, लिंबाच्या फुलाचं ते काम नाही.

जानेवारीतल्या एका सोमवारी, पहाटे साडेसहाला, पुतण्याला मुद्दाम बोलावलं. बाहेर उणे चार. वहिनी चाकावर, मी शेजारी, तो मागे, घड्याळ धरून. काचेचा बाहेरचा बर्फ खरवडला. पहिली काही मिनिटं काहीच नाही, तो मागून सुस्कारे टाकतोय. मग काचेच्या खालच्या कडेला दोन पंखे उमटावेत तशा दोन स्वच्छ जागा दिसायला लागल्या, वर चढत गेल्या आणि मिळाल्या. वहिनींनी गाडी काढली. इस्पितळापर्यंत आणि परत, चाळीस मिनिटं, फडकं एकदाही हातात घेतलं नाही. त्या पोरगा दिसला होता त्या वळणावर आल्या तेव्हा गाडी अगदी हळू केली. कुणीच नव्हतं तिथे.

घरी आल्यावर पुतण्यानं पुढे वाकून हवेच्या तोंडाशी हात धरला. "आई, बाबांच्या वेळीसुद्धा एवढा गरम नव्हता ग."

"होता," वहिनी म्हणाल्या. "तू मागे झोपलेला असायचास."

किल्ली त्यानं परत मागितली नाही. एवढंच म्हणाला, काच धरली त्या दिवशी मला फोन करायचा आणि गाडी जागेवर ठेवायची. वहिनींनी कबूल केलं, आणि आत जाऊन मैत्रिणीला फोन लावला, की बुधवारी सातला तयार राहा, घोंगडी आणायची गरज नाही.